सुखी : एक अविकारी विशेषण

विशेषणांचे विकारी आणि अविकारी असे दोन वर्ग आपल्याला शाळेत शिकवले जातात आणि बहुधा शाळेतच विसरले जातात. चांगला, चांगली, चांगले हे विकारी; सुंदर, हुशार, लाल, सुखी हे अविकारी. पुढे साहित्याच्या अभ्यासात आपण विशेषणांकडे लक्ष देतो ते शैलीच्या अंगाने. कवीने कोणते विशेषण योजिले याची चर्चा होते. ते नामापुढे वाकते की ताठ उभे राहते, याची होत नाही. 'सुखी' हे विशेषण ताठ उभे राहणाऱ्यांतले का, हा प्रश्न निव्वळ व्याकरणाचा नाही असे मला अलीकडे वाटू लागले आहे. त्याला निमित्त झाली एका परक्या विशेषणाची रूपे.

माझी भाची काही वर्षे ओस्लोला होती; नंतर ती कोपनहेगनला गेली. नोकरीसाठी तिला आधी नॉर्वेजियन आणि मग डॅनिश शिकावी लागली. या दोन्ही भाषांत सुखी माणसासाठी एकच शब्द आहे. लेखनाबरहुकूम देवनागरीत तो 'ल्युकेलिग' असा लिहिता येईल. बोलताना शेवटचा 'ग' गळतो. पुरुष सुखी असो वा स्त्री, रूप तेच. अनेकवचनी आणि निश्चित नामापुढे 'ल्युकेलिगे'. पण नपुंसकलिंगी नाम आले की दोन भाषांचे रस्ते फुटतात. डॅनिशमध्ये विशेषणाला एक 'त' चिकटतो आणि 'ल्युकेलिग्त' असे रूप होते. नॉर्वेजियनमध्ये '-इग' ने संपणाऱ्या विशेषणांना हा 'त' लागत नाही. मूल या अर्थाचा 'बार्न' हा शब्द दोन्हींकडे नपुंसकलिंगी. म्हणजे कोपनहेगनमधले सुखी मूल व्याकरणात आपल्या आईबापांहून वेगळे दिसते, ओस्लोतले दिसत नाही. भाचीच्या वहीत तिच्या डॅनिश शिक्षिकेने तो राहिलेला 'त' लाल शाईने घातला होता. आनंदित या अर्थाचे दुसरे विशेषण 'ग्लाद' मात्र दोन्ही भाषांत नपुंसकलिंगी नामापुढेही 'ग्लाद'च राहते. तेथे शाईचा प्रश्न आला नाही.

त्या वर्गात पुढचा पाठ होता घरातील एका व्यक्तीविषयी दहा वाक्ये लिहिण्याचा. तिने आजी निवडली, म्हणजे माझी आई. फोनवर तिने मला विचारले, "मामा, आजी सुखी आहे असं लिहू, की आनंदी आहे असं? इथं दोन शब्द आहेत, एक निवडावा लागतो." मी तिला दोन दिवसांनी सांगतो म्हणालो. मराठीचे अध्यापन करण्यात ज्याची हयात गेली त्याला आईसाठी एक विशेषण निवडायला दोन दिवस का लागावेत, याचा हा हिशेब आहे.

आम्ही कोहमाऱ्यात राहतो. गोंदिया जिल्ह्यात, सडक अर्जुनी तालुक्यात, नागपूरहून रायपूरकडे जाणाऱ्या महामार्गावरचे हे ठिकाण. या रस्त्याला पूर्वी ६ क्रमांक होता, आता ५३ आहे. ट्रकवाले अजूनही ६ च म्हणतात. येथे गोंदियाकडची वाट महामार्गाला मिळते आणि पलीकडे नवेगावबांधकडे जाते. तालुक्याच्या नावातच 'सडक' असल्याने इकडे रस्ता हा भूगोल असतो तसाच व्याकरणही असतो. चौकात चहाच्या टपरीवर तासभर बसले तर झाडीबोली, पोवारी, हिंदी, छत्तीसगढी आणि गोंडी अशा पाच भाषा कानांवर येतात. मराठीने संस्कृतातली तीन लिंगे जपली. हिंदीने नपुंसकलिंग सोडून दिले. छत्तीसगढीत लिंगाप्रमाणे विशेषण-क्रियापद बदलण्याची सवय फारच क्षीण आहे. गोंडीचा हिशेब वेगळाच : एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला स्त्रिया, जनावरे आणि वस्तू. देवरीच्या दिशेने निघालेला ट्रक शंभरेक किलोमीटरांत तीन लिंगांतून दोनांत आणि दोनांतून जवळजवळ शून्यात जातो. या सर्व प्रवासात 'सुखी' हा शब्द मात्र तसाच राहतो. हिंदीतही तो 'सुखी'च.

तो का बदलत नाही याचे व्याकरणातले उत्तर सोपे आहे. 'सुखी' तद्भव नाही. संस्कृतातील मूळ शब्द 'सुखिन्'. त्याची तेथे तीन रूपे होती : पुल्लिंगी प्रथमा एकवचन 'सुखी', स्त्रीलिंगी 'सुखिनी', नपुंसकलिंगी 'सुखि'. मराठीने यांतील पहिले उचलले आणि सर्वांना तेच लावले. सुखी माणूस, सुखी बाई, सुखी मूल, सुखी घर. आपल्याला त्यातील ईकार पाहून क्षणभर ते स्त्रीलिंगी वाटते, कारण मराठीत चांगली, मोठी, धाकटी ही स्त्रीलिंगे ईकारान्त. प्रत्यक्षात ते पुरुषाचे रूप आहे. 'विद्यार्थिन्'पासून मराठीने विद्यार्थी घेतला आणि विद्यार्थिनीही घेतली. संन्यासी-संन्यासिनी, स्वामी-स्वामिनी, योगी-योगिनी या जोड्या चालल्या. 'सुखिनी' मात्र आपण संस्कृतातच ठेवून आलो. ज्यांना भाषेत पुरुषसत्तेचे पुरावे हवे असतात त्यांना हा पुरावा फारच सोयीचा वाटेल. मला तो थोडा अधिक सोयीचा वाटतो म्हणूनच त्यावर लगेच विसंबवत नाही. अविकारी विशेषणात एक समताही असते. 'सुखी' विचारत नाही की समोरचा कोण आहे. याउलट जी विशेषणे स्त्रीसाठी वेगळे रूप धारण करतात त्यांच्याकडे पाहिले की न बदलणे हा भेदभाव की अभय, हे ठरवणे अवघड होते.

उदाहरणार्थ 'भाग्यवान'. डॅनिश 'ल्युके' या नामात दैव आणि सुख हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. शब्द त्यांच्याकडे मध्ययुगात नीच जर्मनमधून आला आणि इंग्रजीतील 'लक' त्याचाच भाऊबंद. म्हणजे तेथे सुखी असणे आणि नशीबवान असणे एकाच धातूच्या नाण्याचे दोन छाप आहेत. आपण हे क्षेत्र दोघांत वाटले. सुख वेगळे, भाग्य वेगळे. लुई येल्म्स्लेव या डॅनिश भाषावैज्ञानिकाने १९४३ च्या आपल्या ग्रंथात आशयाचे क्षेत्र भाषा कशा वेगवेगळ्या बांधांनी तोडतात हे दाखवताना झाडाचे उदाहरण घेतले आहे : डॅनिश 'त्रे' हा एकच शब्द झाडाला आणि लाकडालाही पुरतो, जर्मन आणि फ्रेंचमध्ये बांध दुसरीकडे पडतात. आपल्या विद्यापीठांतून संरचनावादाची चर्चा सुरू झाली तेव्हा हे उदाहरण पुष्कळदा फळ्यावर लिहिले गेले. झाडीपट्टीत राहणाऱ्या माणसाला ते चटकन पटते. उभा साग आणि कापलेला साग यांना एकच शब्द असता तर वनखात्याची निम्मी प्रकरणे उभीच राहिली नसती. येल्म्स्लेवने आपल्याच भाषेतील 'ल्युके' घेतला असता तर उदाहरण अधिक जिव्हारी लागले असते असे मला वाटते, कारण झाडाचा बांध कोठे पडतो याने कोणाचे आयुष्य बदलत नाही.

भाग्याचा बांध कोठे पडतो याने बदलते. भाग्यवान हे विशेषण मराठीत स्त्रीसाठी भाग्यवती होते. त्याला 'सु' जोडून केलेले 'सौभाग्यवती' तर केवळ स्त्रीसाठीच उरले. पुरुष सौभाग्यवान झाल्याचे लग्नपत्रिकेत आढळत नाही. वराच्या नावामागे 'चि.', वधूच्या नावामागे 'चि. सौ. कां.'. तो चिरंजीव असावा, तिने सौभाग्याची कांक्षा धरावी. पती गेला की 'सौ.' गळून पडते आणि तिच्या जागी 'श्रीमती' किंवा जुन्या पत्रांतून 'गं. भा.' येते. सुखाच्या शब्दांपैकी जो शब्द लिंगाप्रमाणे रूप बदलतो तोच दुसऱ्याच्या मृत्यूने रद्दही होतो. 'सुखी' रद्द होत नाही. विधवा सौभाग्यवती असू शकत नाही, सुखी असू शकते. निदान व्याकरणाची हरकत नाही.

माझ्या आईच्या बाबतीत हे दोन्ही शब्द एकाच वर्षात हलले. वडील गेल्यावर तिच्या नावामागचे 'सौ.' गेले. काही महिन्यांनी फेरफार मंजूर होऊन सातबाऱ्यावर तिचे नाव आले. 'सुखिन्' मधील 'इन्' हा मत्वर्थीय प्रत्यय आहे. त्याचा अर्थ 'ते ज्याच्याजवळ आहे असा'. धनी म्हणजे ज्याच्याजवळ धन आहे, सुखी म्हणजे ज्याच्याजवळ सुख आहे. मालकीचा प्रत्यय. आयुष्यभर त्या बांदीत रोवणी केलेल्या बाईला मालकीचा प्रत्यय लागला तो सौभाग्याचा उपसर्ग गेल्यानंतर. त्या दिवशी तिने तलाठ्याकडून आणलेला कागद देवापुढे ठेवला होता. ती सुखी होती काय? मला तेव्हा विचारता आले नाही आणि आता भाचीला उत्तर द्यायचे होते.

'आनंदी' हा दुसरा पर्याय. त्यातही तोच 'इन्', आणि तेही अविकारी. पण हे विशेषण मराठी बाईला नाव म्हणून मिळत आले आहे. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे माहेरचे नाव यमुना. लग्नानंतर पतीने ते आनंदी केले. १८८६ साली त्यांनी फिलाडेल्फियात वैद्यकाची पदवी मिळवली आणि १८८७ च्या फेब्रुवारीत, वयाची बावीस वर्षेही पूर्ण होण्याआधी, पुण्यात त्यांचा अंत झाला. तांदळात लिहून दिलेले विशेषण आणि त्या विशेषणाखाली जगलेले आयुष्य यांतील अंतर मोजण्याचे काम चरित्रकार-कादंबरीकारांनी पुष्कळ केले आहे, ते येथे पुन्हा करीत नाही.

'आनंद' ज्या 'नन्द्' धातूपासून आला त्याच्या मराठी कुटुंबाकडे मात्र थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. 'अभिनंदन' त्याच धातूचे. डॅनिश लोकही अभिनंदन करताना 'तिल्ल्युके' म्हणतात आणि त्यातही 'ल्युके' आहेच. 'नांदी' त्याच धातूची. आमच्याकडे दिवाळीनंतर झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो तेव्हा गावोगावी रात्री उशिरा ती ऐकू येते. आणि 'नांदणे' हे क्रियापदही तेथूनच आले. तत्सम 'आनंद' देवघरात आणि काव्यशास्त्रात गेला. तद्भव 'नांदणे' सासरी गेले. मुलगी नांदायला जाते, नांदते, नांदत नाही, तिला नांदवत नाहीत. धातूचा मूळ अर्थ हर्ष पावणे. मराठीत त्याचा अर्थ झाला पतीच्या घरी राहणे. १८८४ साली दादाजी भिकाजी यांनी रखमाबाईंवर मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला तो त्यांनी नांदायला यावे म्हणून. पहिल्या न्यायाधीशांनी तो फेटाळला. १८८७ साली दुसऱ्यांनी पतीकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा असा निकाल दिला. रखमाबाईंनी तुरुंग पत्करला असे कळवले आणि १८८८ मध्ये प्रकरण तडजोडीने मिटले. आनंदाच्या धातूपासून झालेल्या क्रियापदाची अंमलबजावणी कारावासाच्या धाकाने करण्याचा हा प्रसंग शब्दव्युत्पत्तीच्या कोशांत नोंदवला जात नाही. (नणंदेचे पारंपरिक निर्वचन 'जी काही केले तरी आनंद पावत नाही ती' असे करतात. ते शास्त्रीय नसेल, पण करणाऱ्याने घर पाहिले होते.)

येथवर विशेषणांचा विचार झाला. परंतु मराठी माणूस सुख सांगताना विशेषण वापरतो किती? डॅनिश मनुष्य 'मी ग्लाद आहे' म्हणतो तेथे आपण 'मला आनंद झाला' म्हणतो. येथे कर्ता मी नाही. मी चतुर्थीत, एका बाजूला उभा. वाक्याचा कर्ता आनंद आहे आणि क्रियापद त्याच्याशी जुळते. आनंद झाला, खुशी झाली, सुख झाले. तीन नामे, तीन लिंगे : आनंद पुल्लिंगी, खुशी स्त्रीलिंगी, सुख नपुंसकलिंगी. ज्याला सुख होते त्याचे लिंग वाक्यात कोठेच उमटत नाही, सुखाचे उमटते. मराठीत सुखाची रूपावली शोधायची असेल तर ती विशेषणात नव्हे, या क्रियापदांत शोधावी लागेल. आणि या रचनेत सुख हे जवळ असलेली वस्तू नसते, ते येऊन घडून जाते. मालकीचा 'इन्' येथे लागू होत नाही.

दुसरी गोष्ट अर्थाची म्हणजे आख्याताच्या अर्थाची. 'सुखी' हे विशेषण आपण कोणत्या वाक्यात उच्चारतो हे कानोसा घेऊन पाहावे. सुखी राहा. सुखी व्हा. देव तुम्हाला सुखी ठेवो. आज्ञार्थ. किंवा तृतीय पुरुषी : ती तिकडे सुखी आहे, म्हणजे आपण तिचा विचार करू नये. प्रथम पुरुषी वर्तमानकाळात, 'मी सुखी आहे' असे, सहसा नाही. कोणी म्हटलेच तर ऐकणाऱ्याला ते भांडणाचे वाक्य वाटते. दृष्ट लागण्याची भीती हे त्याचे एक कारण. पण भीती नसलेली शिकलेली माणसेही ते टाळतात. 'सुखी माणसाचा सदरा' ही गोष्ट मराठीत वाक्प्रचार होऊन बसली आहे, तीही याच शंकेवर उभी आहे. हा कथाप्रकार जगभर सापडतो. आर्ने-थॉम्पसन यांच्या सूचीत त्याचा क्रमांक ८४४ असून तेथे त्या सदऱ्याला सुखाचा नव्हे, भाग्य आणणारा सदरा म्हटले आहे. पुन्हा तोच 'ल्युके'चा घोळ. आपल्या गोष्टीत राजाची माणसे सुखी माणूस शोधतात. सुखी बाईचे लुगडे शोधायला कोणी निघाल्याचे मी ऐकलेले नाही. उघडा माणूस सुखी असणे ही कथा होऊ शकते, बाईच्या बाबतीत ती भलतीच कथा होईल.

आपल्या समीक्षेतही 'सुखी' जवळजवळ नाही. आनंद आहे, भरपूर आहे. काव्यानंदाची मीमांसा, रसास्वादाचे ब्रह्मास्वादाशी असलेले सहोदरपण, करुणापासून आनंद कसा होतो याचे न संपणारे वाद, न. चिं. केळकरांची सविकल्प समाधी : हा सगळा संसार आनंदाचा. अभिनवगुप्तांच्या परंपरेत सर्व रस आनंदरूपच. याला छेद देणारा आवाज बाराव्या शतकात 'नाट्यदर्पण'कार रामचंद्र-गुणचंद्र यांचा. त्यांच्या मते काही रस सुखात्मक, काही दुःखात्मक. त्यांना आपण अपवाद म्हणून उल्लेखतो आणि पुढे जातो. मला वाटते त्यांनी 'सुख' हा शब्द वापरला म्हणूनच हे शक्य झाले. आनंदाला विरुद्धार्थी शब्द सहज सापडत नाही. 'सुख' म्हटले की दुःख बरोबर येते. शोकात्मिकेवर आपल्याकडे ग्रंथ झाले, 'सुखात्मिका' हा शब्द परीक्षेपुरता राहिला. झाडीपट्टीच्या रंगभूमीवर रात्रभर चालणाऱ्या नाटकात बाया पदर डोळ्यांना लावतात आणि लगेच पुढच्या प्रवेशात हसून लोळतात. त्याला सुखात्मिका म्हणावे की शोकात्मिका हे आपल्या परिभाषेला ठरवता येत नाही, म्हणून आपण त्याला लोकनाट्य म्हणून मोकळे होतो. पहाटे घरी येणारी बाई त्याला 'बरं होतं' म्हणते.

अनुवादकाला ही टाळाटाळ परवडत नाही. हेन्रिक पोन्टोपिदान या डॅनिश कादंबरीकाराला १९१७ चे नोबेल पारितोषिक कार्ल ग्येलेरुप यांच्यासह विभागून मिळाले. त्याची मोठी कादंबरी 'ल्युके-पेर' १८९८ ते १९०४ या काळात भागांभागांनी आली. धर्मोपदेशकाच्या घरातून पळालेला पेर राजधानीत येतो, अभियंता म्हणून मोठी स्वप्ने पाहतो, धनिक कुटुंबात विवाह ठरतो, आणि मग हाती आलेले एकेक सोडत जाऊन जुटलंडच्या एका टोकाला एकटा राहतो. शीर्षकातला 'ल्युके' आरंभी त्याचे दैव आहे. शेवटी ते काय आहे हे वाचकाने ठरवायचे. २०१० च्या इंग्रजी अनुवादाने शीर्षकात नशिबाचा पक्ष घेतला, २०१८ च्या दुसऱ्यानेही दैवाचाच. मराठीत 'भाग्यवान पेर' म्हटले तर शेवट उपरोध होतो. 'सुखी पेर' म्हटले तर आरंभ खोटा होतो. सगळी कादंबरी ज्या एका शब्दाच्या दोन अर्थांमधून चालत जाते तो शब्द आपल्याकडे एकसंध नाही. हे आपल्या भाषेचे दारिद्र्य नव्हे. आपण बांध घातला आहे आणि बांधावरून चालायचे तर एकीकडे चिखल लागणारच.

डेन्मार्क आणि मराठी यांचा संबंध अगदीच ओढून आणलेला नाही, हे सांगायचे राहिले. विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण १८०५ साली श्रीरामपूरच्या छापखान्यात छापले गेले. हे बंगालमधले श्रीरामपूर तेव्हा डेन्मार्कच्या राजाच्या ताब्यात होते. ते १८४५ पर्यंत राहिले. वैजनाथ पंडितांनी केरींना साहाय्य केले. मराठीच्या लिंगवचनांचे तक्ते ज्या भूमीवर छापले जात होते तेथे कारभाऱ्यांची भाषा लिंगानुसार 'त' लावणारी होती. त्यांनी एकमेकांची वही पाहिली असेल असे नाही.

'सुख' शब्दाचे मूळ सांगताना मोनियर-विल्यम्सच्या कोशात एक जुने स्पष्टीकरण दिले आहे : 'सु' आणि 'ख', ज्याचे चाकातील आसाचे छिद्र चांगले आहे ते. पर्यायी व्युत्पत्तीही तेथेच दिली आहे, तेव्हा याला ब्रह्मवाक्य मानू नये. पण ऋग्वेदात 'सुख' हे विशेषण रथाला लागते हे खरे. म्हणजे आरंभी सुख हे नाम नव्हते. न खडखडता चालणाऱ्या रथाचा तो गुण होता. पुढे त्याचे नाम झाले, मग नामाला मालकीचा प्रत्यय लावून पुन्हा विशेषण करावे लागले. बंडीच्या तुंब्यात वंगण घालताना ज्याने चाक फिरवून पाहिले आहे त्याला पहिला अर्थ समजावून द्यावा लागत नाही.

आणि डॅनिश '-लिग'चा अर्थ? मूळ जर्मानिक शब्द देह, आकार या अर्थाचा. डॅनिशमध्ये स्वतंत्र 'लिग' म्हणजे प्रेत, आणि 'सारखा' असाही. तेव्हा 'ल्युकेलिग' म्हणजे सुखाच्या आकाराचा. याला अक्षरशः जुळणारा शब्द आपल्याकडे आहे, आणि तो 'सुखी' नाही. तो 'सुखरूप' आहे. सुख अधिक रूप. पण आपण तो कोणासाठी वापरतो? प्रवासाला गेलेल्यासाठी आणि बाळंतिणीसाठी. सुखरूप पोहोचला, सुखरूप सुटका झाली. काही वाईट घडू शकले असते आणि घडले नाही, एवढ्या निरुंद जागेत हा शब्द उभा आहे. महामार्गावर राहणाऱ्यांच्या घरात तो रोजचा. माझी आई रात्री कोणी गावाहून यायचे असले की फोन येईपर्यंत झोपत नाही, आणि फोन आला की तिला फक्त हा एक शब्द ऐकायचा असतो.

दोन दिवसांनी मी तिलाच विचारले. भाचीने दिलेले दोन्ही शब्द पुढे ठेवले. तिने ते हातात घेतले नाहीत. "बरं हाय ना बापा," म्हणाली, आणि धान वाळत घातले होते तिकडे गेली. 'बरा' हे विशेषण तर पूर्ण विकारी : बरा, बरी, बरे. ती 'बरी आहे' म्हणाली असती तर ते प्रकृतीविषयी झाले असते. ती 'बरं' म्हणाली, नपुंसकलिंगी, आणि वाक्यात स्वतःला कोठेच ठेवले नाही. माझे बरे आहे, तुमचे बरे आहे, पाऊसपाण्याचे बरे आहे, यांपैकी कोणाचे ते तिने सांगितले नाही. संस्कृत वैयाकरणांनी ज्याला नपुंसक म्हटले, म्हणजे पुरुष नव्हे ते, त्याला डॅनिश व्याकरणात 'इन्तेतक्योन' म्हणतात, म्हणजे कोणतेच लिंग नव्हे ते. आईच्या 'बरं'ला हे दुसरे नाव अधिक शोभते.

भाचीला मी हे सर्व कळवले. एवढे लांबवून नव्हे. तिने दोन्ही विशेषणे सोडून दिली. डॅनिशमध्ये आईच्या आईला आणि वडिलांच्या आईला वेगवेगळे शब्द आहेत. तिने त्यांतला 'मोरमोर' घेतला आणि लिहिले, 'मोरमोर हार दे गोत'. शब्दशः : आजीजवळ ते चांगले आहे. 'ते' कोणते, हे त्या भाषेतही सांगत नाहीत. वाक्यात आजीला लागणारे विशेषण नाही. आहे तो नपुंसकलिंगी 'ते', आणि त्यापुढचा 'गोत', ज्याच्या शेवटी तो 'त' या वेळी तिने आठवणीने घातला होता.